एडीएचडी असलेलं मूल आणि शाळा: सांगली-मिरज-साताऱ्याकडच्या पालकांनी पहिल्यापासून काय काय करायचं

तुमच्या पोराच्या डायरीत 'लक्ष देत नाही', 'वही अपूर्ण', 'जागेवर बसत नाही' असले शेरे दर आठवड्याला येत असतील आणि तोच पोरगा मागच्या मॅचमध्ये कुणी किती रन काढले ते घडाघडा सांगत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. आमचा आता सातवीत आहे, सेमीला, सांगलीतच. एडीएचडीचं (म्हणजे लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, उतावळेपणा असतो) निदान तिसरीत झालं. तेव्हा डॉक्टर एक तुकडा सांगायचे, शाळा दुसरा, नातेवाईक तिसराच, ओळीनं असं कुणी सांगितलं नाही, म्हणून जे जमलं आणि उपयोगी पडलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. या मुलांना समजत नाही असं नसतं, समजलेलं ऐनवेळी वापरता येत नाही. वही काढायची हे त्याला माहितीय, पण बाईंनी सांगितलं त्या क्षणी डोकं खिडकीतल्या माकडाकडं गेलेलं असतं. म्हणून रात्री जेवताना दिलेलं लेक्चर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वर्गात कामाला येत नाही. मदत जिथं अडतं तिथंच आणि तेव्हाच ठेवायची, बाकावर, दप्तरावर, घराच्या दारावर, पेपरच्या हॉलमध्ये. आणि हे तुमच्या लाडानं किंवा धाक कमी पडल्यानं झालेलं नाही, मेंदूच्या वाढीतला फरक आहे आणि बऱ्याच घरात तो आनुवंशिक असतो. मुलाचं वाचताना कितीतरी बाबांना स्वतःची शाळा आठवते.

मुलींच्या पालकांनी जास्त सावध राहा. मुलगी वांडपणा करत नाही, गप्प बसून तंद्रीत असते, त्यामुळं शाळेची काहीच तक्रार नसते आणि पाचवी-सहावीत एकदम मार्क घसरल्यावर सगळ्यांना कळतं.

१. दवाखान्यात जायच्या आधी टिपणं काढा

एक साधी शंभर पानी वही घ्या आणि दोन-तीन आठवडे रोज चार ओळी लिहा. 'खूप मस्ती करतो' असलं लिहू नका, त्यातनं डॉक्टरांना काही कळत नाही. असं लिहा: 'मंगळवार, संध्याकाळी सात, गणिताची पाच उदाहरणं, दुसऱ्या उदाहरणाला पाणी प्यायला उठला, परत आला तर पेन्सिल सापडेना, ती शोधताना जुना भोवरा सापडला, एकूण पाऊण तास गेला, पण शेजारी बसल्यावर उरलेली तीन दहा मिनिटात, सगळी बरोबर.' या एका नोंदीतनं डॉक्टरांना कळतं की गणित येतंय, अडचण काम सुरू करण्यात आणि टिकवण्यात आहे.

निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी नक्की विचारतात. त्रास निदान सहा महिने चाललाय का, वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झाला का, आणि घर, शाळा, ट्यूशन यातल्या दोन तरी ठिकाणी दिसतो का. फक्त एकाच बाईंच्या तासाला होत असेल तर कारण वेगळं असू शकतं. म्हणून बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं टाकू नका, त्यातले शेरे हा पुरावा असतो.

२. डोळे, कान, झोप, रक्त आधी बघून घ्या

हे लवकर उरकतं पण टाळू नका. फळ्यावरचं दिसत नसेल, एका कानानं कमी ऐकू येत असेल तरी पोरगं लक्ष देत नाही असंच दिसतं. रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा, अडेनॉइड्समुळं (नाकाच्या मागच्या बाजूला वाढलेल्या गाठी) झोप मोडते आणि दिवसा मूल चिडचिडं, चुळबुळं होतं. हिमोग्लोबिन बघा. अंथरुणात मोबाईल बंद करा, नाहीतर कशामुळं काय होतंय ते कळणारच नाही.

३. कुणाकडं जायचं

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडनं करा, पण स्पष्ट म्हणा, 'मला एडीएचडीसाठी तपासणी करून घ्यायचीय, कुणाकडं पाठवाल?' नाहीतर 'होईल मोठा झाल्यावर' ऐकून घरी याल. निदान बालविकास तज्ज्ञ किंवा मानसोपचार तज्ज्ञ करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेतात आणि वागणुकीवर काम करतात, पण औषध फक्त डॉक्टरच लिहू शकतात. सायकॉलॉजिस्टचं भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, विचारायला लाजू नका.

आपल्याकडं मिरजेला शासकीय मेडिकल कॉलेज आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. जत, आटपाडी, विट्याकडनं येणाऱ्यांनी मानसोपचार ओपीडी कुठल्या वारी असते ते आधी विचारून मगच निघा, एसटीचा दिवस फुकट जायला नको. आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते ना, त्यांच्या यादीतल्या ३० आजार-अडचणींमध्ये एडीएचडी पण आहे, हे बऱ्याच पालकांना माहितीच नसतं. त्या टीमला सांगितलं तर ते पुढं सिव्हिलला पाठवतात. तिथं डीईआयसी म्हणून लहान मुलांचा विभाग आहे का याची चौकशी करा, या योजनेतली सेवा १८ वर्षांपर्यंत मोफत असते.

तपासणीत पालकांचा एक फॉर्म आणि शिक्षकांचा एक फॉर्म असतो, व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्स अशा नावाचे. शिक्षकांचा फॉर्म मुलाला काही महिने बघितलेल्या बाईंनीच भरायला हवा. जूनमध्ये नवीन वर्ग सुरू झाल्या झाल्या गेलात तर नव्या बाई काय भरणार? एकतर सहामाही झाल्यावर जा, नाहीतर मागच्या वर्षीच्या बाईंना विनंती करा.

सोबत न्यायचं:

- मुलाचं आणि एका पालकाचं आधार, जन्मदाखला, दोन फोटो
- मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं
- मराठीची आणि गणिताची चालू वही, अपूर्ण आहे तशीच, घरी बसवून पूर्ण करून नेऊ नका
- तुमची टिपणांची वही
- डोळे-कानाचे रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या
- शाळेनं लिहून दिलेलं काही असेल तर ते

सगळ्याचे झेरॉक्सचे दोन सेट, आणि ओरिजिनल कुणाकडं ठेवून येऊ नका.

इथं फसायला होतं ते सांगते. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत, एमआरआयमध्ये, 'ब्रेन मॅपिंग'मध्ये सापडत नाही. फिट येतात अशी शंका असली तर डॉक्टर ईईजी सांगतील, ते वेगळं. मोबाईलवरची वीस प्रश्नांची टेस्ट म्हणजे निदान नव्हे. डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनचे क्लास, स्मरणशक्तीची सिरपं, 'तीन महिन्यात गॅरंटी' म्हणणारी सेंटरं यांना एक रुपया देऊ नका. तोच पैसा चांगल्या थेरपिस्टला किंवा शेजारी बसून अभ्यास घेणाऱ्या माणसाला द्या. अबॅकस आवडत असेल तर लावा, पण इलाज म्हणून नको.

आणि एक, तपासणीला गेलाच आहात तर वाचन-लेखन-गणिताची चाचणी पण करून मागा. एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनात अडचण), डिसग्राफिया (लिहिण्यात अडचण) वगैरे असण्याचं प्रमाण बरंच आहे आणि पुढं दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटला याचाच उपयोग होतो. ते सातव्या पायरीत सांगते.

४. शाळेत काय मागायचं

पालकसभेत सगळ्यांसमोर विषय काढू नका. वर्गशिक्षिकेला वेगळी वेळ मागा, शाळा सुटल्यावर वीस मिनिटं. पहिलं वाक्य तक्रारीचं नको. साठ पोरांच्या वर्गात एकटीनं सांभाळणं किती अवघड आहे ते आपल्याला दिसतंय असं मनापासून म्हणा, आणि मग तीनच गोष्टी मागा. रिपोर्टमध्ये बारा शिफारसी असतात, त्या सगळ्या बाईंच्या पुढ्यात टाकल्या की एकही होत नाही. आम्ही पहिल्यांदा मागितलेल्या तीन अशा:

जागा पहिल्या-दुसऱ्या बाकावर, दार-खिडकीपासनं लांब, शेजारी शांत मुलगा. सूचना एका वेळी एकच आणि तिच्याआधी बाकावर बोटानं हलकी टकटक, बाकीच्या पोरांना कळत पण नाही. आणि दर तासाला एकदा उठायचं कायदेशीर कारण, म्हणजे खडू आणणं, वह्या गोळा करणं, फळा पुसणं. या तिसऱ्यानं आमच्याकडं सगळ्यात जास्त फरक पडला. हात-पाय हलवून आलेला पोरगा पुढची पंधरा मिनिटं बसतो.

हे रुळलं की पुढचं मागा. फळ्यावरचं उतरवून होत नसेल तर मित्राच्या वहीचा फोटो. एकाच प्रकारची दहा उदाहरणं असतील तर पाच. उत्तर लिहिता येत नसेल तर तोंडी विचारून बघणं. घटक चाचणीत थोडा जादा वेळ किंवा वेगळी शांत जागा, शाळेतल्या चाचण्यांना मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर ते हे सर्टिफिकेटशिवायही करू शकतात.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगा: शिक्षा म्हणून पीटीचा तास किंवा मधली सुट्टी कापायची नाही. ज्या पोराला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच पळणं बंद केलं तर दुपारचे सगळे तास वाया जातात.

रोजचं कार्ड

हे जरा नीट सांगते, कारण खर्च काही नाही आणि याचा उपयोग होतो हे संशोधनातनं दिसलेलं आहे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर तीन ओळी:

बाईंनी सांगितल्यावर वही काढली.
फळ्यावरचं पूर्ण उतरवलं.
बोलायच्या आधी हात वर केला.

प्रत्येक ओळीपुढं दोन चौकोन, एक मधल्या सुट्टीआधीचा, एक नंतरचा. बाईंनी फक्त बरोबरची खूण करायची, नाही जमलं तर चौकोन रिकामा, फुली नको, लाल पेन नको, शेरा नको. म्हणजे दिवसाला सहा खुणा. सुरुवातीला सहापैकी तीनवर बक्षीस ठेवा, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मिळेल. बक्षीस त्याच संध्याकाळी, आणि विकत आणलेलं नको. आमच्याकडं बाबानं अंगणात वीस बॉल टाकायचे, नाहीतर रात्री जेवायला काय ते त्यानं ठरवायचं. 'महिनाभर चांगला वागलास तर सायकल' हे या मुलांपुढं चालत नाही, महिना त्यांना फार लांब पडतो. दोन आठवडे नीट जमलं की चारवर न्या. कार्ड घरी विसरलं, फाटलं, पावसात भिजलं, होणारच, बाईंकडं दहा कोरी कार्डं देऊन ठेवा.

तोंडी ठरलेलं नंतर विसरलं जातं, म्हणून एक साधा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या, सोबत रिपोर्टची झेरॉक्स, आणि तुमच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. कायद्यातलं थोडं माहीत असू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, आणि कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतनं काढून टाकता येत नाही. एका शाळेनं आम्हाला 'दुसरीकडं बघा' असं गोड बोलून सुचवलं होतं, तेव्हा हेच शांतपणे लिहून दिल्यावर विषय थांबला. भांडून नाही, लिहून. तरी होत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज, आणि गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक किंवा तज्ज्ञ असतात त्यांना भेटा, शाळेत येऊन बाईंशी बोलणं हे त्यांचं कामच आहे.

५. घरचा अभ्यास

शाळेतनं आल्यावर लगेच बसवू नका. खाणं, मग तासभर बाहेर पळणं, मग अभ्यास. खो-खो, कबड्डी, तालीम, पोहणं, जे आवडेल ते, आपल्या भागात याला तोटा नाही. मार्क कमी पडले म्हणून खेळ बंद करू नका.

दहा-पंधरा मिनिटांचा एक तुकडा, मग तीन-चार मिनिटं उठायचं. वेळ लावायला किल्लीचा किचन टायमर घ्या, मोबाईलचा टायमर लावला की अभ्यास मोबाईलचाच होतो. अवघड विषय आधी. टेबलावर फक्त चालू वही आणि एक पेन, बाकी सगळं पाठीमागं.

सांगायची पद्धत बदला. स्वयंपाकघरातनं ओरडून 'आवर, दप्तर भर, उद्याचा गणवेश काढ, बाटली धू' म्हटलं तर यातलं काहीच होणार नाही. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच काम सांगा आणि 'काय करायचंय?' म्हणून त्याच्याकडनं वदवून घ्या. झाल्यावर नेमकं काय चांगलं झालं ते बोला, 'शहाणा माझा' पेक्षा 'टायमर वाजायच्या आत बसलास, बघितलं मी' हे जास्त पोचतं.

दप्तर रात्रीच भरायचं, वेळापत्रक बघून, भरताना तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं. दाराच्या आतल्या बाजूला चित्रांची यादी: डबा, बाटली, कंपास, डायरी. पुस्तकांचा एक जुना सेट घरी ठेवा, बालभारतीची पुस्तकं मागच्या वर्षीच्या पोरांकडं सहज मिळतात, म्हणजे 'पुस्तक शाळेत राहिलं' हा विषयच संपतो. पेन्सिली, खोडरबर हरवतातच, डझनानं आणून ठेवा आणि त्यावरनं ओरडायचं बंद करा, ताकद दुसरीकडं लागणार आहे.

ट्यूशनचं: तीस पोरांच्या बॅचमध्ये पाठवून उपयोग नाही, तोच वर्ग संध्याकाळी परत. त्यापेक्षा गल्लीतली कॉलेजची ताई किंवा दादा रोज तासभर नुसता शेजारी बसला तरी काम पूर्ण होतं, शिकवायची सुद्धा गरज पडत नाही कधी कधी.

आजी-आजोबांना पण डॉक्टरांकडं एकदा घेऊन जा. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणणाऱ्या आमच्या सासूबाई डॉक्टरांनी समजावल्यावर रोज संध्याकाळी टायमर लावायचं काम स्वतःकडं घेऊन बसल्या.

६. गोळ्या

हा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, तिसऱ्या कुणाचा नाही. सहा वर्षांखाली आधी पालकांना वागणूक हाताळायचं ट्रेनिंग देतात, त्यापुढं गरज असेल तर औषध आणि वागणुकीचं काम दोन्ही बरोबर. साधारण दोन नावं ऐकायला मिळतील. मिथाइलफेनिडेट तासाभरात लागू पडतं आणि साधी गोळी काही तासच चालते. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आठ दिवसात 'काहीच फरक नाही' म्हणून सोडू नका.

भूक कमी होणं आणि झोप लांबणं हे नेहमीचे त्रास. म्हणून सकाळी गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, पोहे-दूध नाही, भाकरी-भाजी-अंडं असं दणदणीत, आणि रात्री परत भूक लागते तेव्हा जेवण तयार ठेवा. वजन, उंची, नाडी, बीपी दर व्हिजिटला बघायला सांगा. घरात कुणाला हृदयाचा आजार असेल तर आधीच सांगा. मिथाइलफेनिडेट नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसतंच, त्यामुळं पाकीट संपायच्या दहा दिवस आधी शोधायला लागा, आणि गोळ्या मुलाच्या हाती न देता कुलपात ठेवा. डोस स्वतः कमी-जास्त करू नका, परीक्षेपुरती चालू-बंद करू नका. गोळीनं अभ्यास येत नाही, बसता येतं, बाकीचं वरचं सगळं करायलाच लागतं.

७. सर्टिफिकेट आणि दहावीच्या सवलती

इथं सगळ्यात जास्त गोंधळ. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडी असं वेगळं नाव नाही. म्हणजे नुसत्या एडीएचडीच्या रिपोर्टवर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळेल असं धरून चालू नका. बरोबर अध्ययन अक्षमता निघाली तर तिच्यासाठी वयाची ८ वर्षं झाल्यावर तपासणी होते. दिव्यांग सर्टिफिकेटसाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, त्यात हॉस्पिटल निवडायचं, मग तपासणीला बोलावतात. नाव-जन्मतारीख आधार आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये सारखीच आहे का ते आधी बघा, एका वेलांटीवरनं अर्ज अडकतात.

दहावीला पात्र मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती असतात, कुणाला कुठली ते दिव्यांगत्वाच्या प्रकारावर. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. दहावीच्या जानेवारीत पळापळ करून होत नाही हे काम, आठवीतच तपासणी आणि नववीत कागद तयार असं धरा. जादा वेळ मिळाला तरी तो वापरायची सवय लागते, नववीपासनं घरी तसेच पेपर सोडवून घ्या. आणि पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झाल्यावर परत संधी असते, पण त्या दोन वर्षांना शाळेशी आधीच बोलून ठेवा.

८. मुलाला सांगा

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, दवाखान्यात कशाला नेतायत ते पण. 'तू ढ नाहीस, आळशी नाहीस, तुझं डोकं एका गोष्टीवरनं दुसरीवर पटकन जातं, परत आणायला आपण युक्त्या शिकतोय' इतकं पुरे. त्याच्यासमोर नातेवाइकांना त्याच्या तक्रारी सांगू नका. तो गप्प गप्प राहायला लागला, शाळेला जायचं म्हटलं की पोटात दुखायला लागलं, 'मी कशालाच चांगला नाही' म्हणायला लागला तर ते वेगळं दुखणं समजून लगेच डॉक्टरांना सांगा. तुम्हालाच सहन होईना झालं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

९. दर जूनला

वर्ग बदलला की शिक्षक बदलतात आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आठवड्यातच नव्या वर्गशिक्षिकेला एक पान द्या, एकच, रिपोर्टची फाईल नको. वर त्याला काय चांगलं येतं ते (आमच्या पानावर पहिली ओळ 'चित्रं सुंदर काढतो, लहान मुलांना सांभाळून घेतो' अशी आहे), मग त्याला कुठं अडतं, मग मागच्या वर्षी कशाचा उपयोग झाला त्या तीन गोष्टी, गोळी चालू असेल तर तिची वेळ, आणि खाली तुमचा फोन नंबर आणि कधी फोन केला तर चालेल ती वेळ. सोबत दहा कोरी कार्डं.